दख्खनच्या लाव्हाखालील सूक्ष्म भूकंपांचे निरीक्षण

दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाच्या थरांखाली अधूनमधून होणारे लहान धक्के संवेदनशील यंत्रांनी टिपणे, त्यांचे स्थान व खोली ठरवणे आणि त्यांवरून भूगर्भातील हालचालींचा अभ्यास करणे, या कार्याला दख्खनच्या लाव्हाखालील सूक्ष्म भूकंपांचे निरीक्षण म्हणता येईल. साधारणतः ३ पेक्षा कमी महत्तेच्या भूकंपांना सूक्ष्म भूकंप म्हणतात. यांतील बहुसंख्य धक्के माणसाला जाणवतही नाहीत. जे जाणवतात ते भांडी खणखणणे, पत्रे वाजणे किंवा जमिनीतून सुरुंगासारखा आवाज येणे अशा रूपांत. महाराष्ट्रात अशा निरीक्षणाची सर्वांत दीर्घ परंपरा कोयना-वारणा परिसरात आहे. पालघर, मराठवाडा, तसेच वऱ्हाडाच्या उत्तर सीमेवरील मेळघाट व त्याला लागून असलेला निमाड येथेही अशा धक्क्यांचे समूह अनुभवास आले आहेत.

महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला असल्याचे शाळेतच शिकवले जाते. त्यामुळे कोठेही जमीन हादरली, की ‘खालचा ज्वालामुखी जागा होत आहे काय?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ज्वालामुखी नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढणेही तितकेच चुकीचे ठरते.

थंड झालेला लाव्हा

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम व मध्य भारतात जमिनीला पडलेल्या भेगांमधून प्रचंड प्रमाणात लाव्हा बाहेर आला. शंकूच्या आकाराच्या एखाद्या डोंगराच्या मुखातून उसळणारा असा हा उद्रेक नव्हता. पातळ लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि त्याचे आजचे पठार झाले. या खडकांना दख्खन ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला असून सह्याद्रीच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगरउतारावर दिसणाऱ्या पायऱ्या पाहिल्या, की या नावाचे औचित्य पटते. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या खडकांनी व्यापलेले आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीत त्यांची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या आसपास जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते.

या लाव्ह्याला ज्या शिलारसाने जन्म दिला, तो केव्हाच थिजला आहे. पठाराखालून बाहेर येणारी उष्णता प्राचीन, स्थिर भूखंडाला साजेशी आहे. जागृत ज्वालामुखीखाली असतो तसा उथळ व वितळलेल्या खडकाचा साठा येथे नाही. म्हणून दख्खनला ‘शांत ज्वालामुखी’ म्हणण्यापेक्षा ‘मृत ज्वालामुखीचा प्रदेश’ म्हणणे अधिक योग्य. शांत म्हणजे जो पुन्हा जागा होऊ शकतो, तो.

वऱ्हाडात या गैरसमजाला दोन गोष्टींचा आधार दिला जातो. पहिली म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा वाटोळा खड्डा बेसॉल्टमध्येच असल्यामुळे तो ज्वालामुखीचे मुख असावा, असे एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांनाही वाटत असे. परंतु तेथील खडकात मॅस्केलिनाइट हा काचसदृश पदार्थ सापडला. फेल्डस्पार या खनिजावर अतिशय तीव्र आघाताचा दाब आला, तरच तो तयार होतो. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर लोणार हे अशनिपाताने बनलेले विवर असल्याचे निर्विवाद ठरले. दुसरा आधार गरम पाण्याच्या झऱ्यांचा. अमरावती जिल्ह्यातील सालबर्डी, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव किंवा कोकणातील वज्रेश्वरी येथील ऊन पाणी शिलारसाने तापलेले नाही. पावसाचे पाणी भेगांवाटे खोल जाते, खोलीबरोबर वाढणाऱ्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. हे झरे ज्वालामुखीची साक्ष देत नाहीत. ते खोल भेगांची साक्ष देतात. सूक्ष्म भूकंपांच्या अभ्यासात तीच साक्ष महत्त्वाची आहे.

जागृत ज्वालामुखीखालील धक्के

तुलनेसाठी जागृत ज्वालामुखीखाली काय घडते ते पाहणे उपयुक्त ठरेल. शिलारस वर सरकू लागला, की तो भोवतालचा खडक फोडत जातो आणि लहान लहान धक्क्यांचा सडा पडतो. त्यांखेरीज द्रव व वायू भेगांतून वाहताना मंद, दीर्घ आवर्तनाचे कंप निर्माण होतात आणि कधीकधी तासन्‌तास न थांबणारी थरथर नोंदली जाते. अशी थरथर साध्या विभंगाच्या सरकण्याने होत नाही. धक्क्यांची खोली दिवसागणिक कमी होत जाणे, जमीन फुगणे आणि गंधकयुक्त वायूंचे प्रमाण वाढणे ही लक्षणे एकत्र आली, तर शास्त्रज्ञ सावध होतात. इटलीतील व्हेसुव्हियस पर्वतावर १८४१ साली स्थापन झालेली वेधशाळा ही अशा कामाची आद्य संस्था मानली जाते.

या पद्धतीचे सर्वांत मोठे यश फिलिपीन्समधील पिनाटुबो पर्वताचे आहे. सुमारे पाचशे वर्षे शांत असलेल्या या डोंगराखाली १९९१ च्या वसंतात लहान धक्के सुरू झाले. तेथे तातडीने भूकंपमापक बसवण्यात आले आणि १५ जूनच्या महाउद्रेकापूर्वी हजारो लोकांना हलवता आले. याउलट इटलीतीलच पोझ्झुओली या गावाखाली १९८२ ते १९८४ या काळात जमीन जवळजवळ दोन मीटर वर उचलली गेली, हजारो धक्के बसले, गावाचा जुना भाग रिकामा करण्यात आला. पण उद्रेक झाला नाही. यंत्र नोंद देते. तिचा अर्थ माणसाला लावावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी एकच नसतो.

भारतात जागृत म्हणता येईल असा एकच ज्वालामुखी आहे: अंदमान समुद्रातील बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. दख्खनचा आणि त्याचा काहीही संबंध नाही. बॅरन बेटाखाली भारतीय भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली दबत जातो. महाराष्ट्र मात्र भूपट्टाच्या अंतर्भागात, कडेपासून दूर आहे.

मग धक्के कशाचे?

भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशिया खंडाला रेटतो. या रेट्याचा ताण केवळ हिमालयातच साठत नाही, तर संपूर्ण द्वीपकल्पात पसरतो. लाव्ह्याच्या खाली ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांचा अतिप्राचीन पाया असून त्यात लाव्हा येण्यापूर्वीचे अनेक विभंग आहेत. ताण वाढला, की यांपैकी कमकुवत विभंगाचा एखादा तुकडा किंचित सरकतो आणि भूकंप होतो. म्हणजे धक्का लाव्ह्याच्या देशात बसतो, पण तो लाव्ह्याचा नसतो. महत्ता २ च्या धक्क्यात सरकणारा तुकडा साधारण शंभर मीटर लांबी-रुंदीचा आणि त्याची सरकण अवघी काही मिलिमीटर असते.

वऱ्हाडच्या उत्तरेला सातपुडा व गाविलगडचे डोंगर एखाद्या भिंतीसारखे उभे आहेत. ही भिंत योगायोगाने झालेली नाही. गाविलगड विभंगाच्या दक्षिणेकडील भाग खचून पूर्णेचे खोरे बनले आणि त्यात नदीने आणलेला गाळ साचला. काही ठिकाणी तो शेकडो मीटर जाड आहे. खारपाणपट्टा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश तो हाच. हा विभंग नर्मदा-तापी खोऱ्यांच्या विस्तृत कमकुवत पट्ट्याचा भाग मानला जातो. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात झालेला सुमारे ६.३ महत्तेचा भूकंप आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप हे या पट्ट्यातील मोठे धक्के होत. दोन्हींची नाभी पुष्कळ खोल, तीस-चाळीस किलोमीटरच्या आसपास होती.

पाणी हाही एक महत्त्वाचा घटक आहे. भेगांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब वाढला, की विभंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबून धरणारे बल काही अंशी नाहीसे होते आणि साठलेला ताण मोकळा होण्यास वाट मिळते. पाणी ताण निर्माण करत नाही. आधीच काठावर आलेल्या विभंगाला ते ढकलते, इतकेच. मोठ्या जलाशयांजवळचे आणि काही ठिकाणी पावसाळ्यानंतर वाढणारे धक्के या मार्गाने समजावून घेता येतात.

निरीक्षणाची पद्धत

भूकंपमापकाचे मूळ तत्त्व साधे आहे. जमीन हलली तरी जडत्वामुळे स्थिर राहू पाहणारे एक वजन आणि जमिनीबरोबर हलणारी चौकट यांतील अंतर मोजायचे. आजची यंत्रे ही हालचाल विद्युत्‌संकेतात बदलतात आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी कंप नोंदवू शकतात. भारतातील पहिली भूकंप वेधशाळा १८९७ च्या आसाम भूकंपानंतर, १८९८ साली कोलकात्याजवळ अलीपूर येथे सुरू झाली.

धक्क्यानंतर प्रथम वेगवान प्राथमिक तरंग पोहोचतात आणि मागून मंद दुय्यम तरंग येतात. दोन्हींच्या आगमनातील सेकंदांना सुमारे आठने गुणले, की धक्क्याचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दोन सेकंदांचा फरक असेल, तर नाभी अंदाजे सोळा किलोमीटरवर आहे. एका यंत्रावरून केवळ अंतर समजते, दिशा नाही. म्हणून किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. खोली ठरवणे त्याहून अवघड असते. नाभी पाच किलोमीटर खोल आणि सर्वांत जवळचे यंत्र दीडशे किलोमीटर दूर असेल, तर ती पाच किलोमीटरवर आहे की पंधरा, हे सांगता येत नाही. त्यामुळेच एखाद्या भागात धक्के सुरू झाल्यावर तेथे तात्पुरती चार-सहा यंत्रे नेऊन बसवावी लागतात. ‘दिल्लीत एवढी मोठी वेधशाळा असताना येथे यंत्र कशाला?’ या ग्रामस्थांच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे.

यंत्रासाठी जागा निवडताना गोंगाट टाळावा लागतो. हा गोंगाट कानाला ऐकू येणारा असेलच असे नाही. अकोल्याच्या जठारपेठेसारख्या गजबजलेल्या वस्तीत यंत्र ठेवले, तर त्यावर सूक्ष्म भूकंपांऐवजी दिवसभराची वाहने, रेल्वेगाड्या, पाण्याचे पंप आणि बांधकामाची यंत्रे यांचीच नोंद होत राहील. वाऱ्याने हलणाऱ्या झाडाची मुळेदेखील जमीन हलवतात. म्हणून वस्तीपासून दूर, उघड्या कातळावर यंत्र बसवतात. शक्य असेल तेथे ते खोल विंधनविवरात सोडतात. जाड काळी माती किंवा नदीचा गाळ ही यंत्रासाठी अयोग्य जागा होय, कारण तेथे तरंग विस्तारतात आणि त्यांचे स्वरूप बिघडते. खाणीतील सुरुंगांच्या नोंदी वेगळ्या काढणे हे आणखी एक काम. सुरुंग बहुधा दिवसा, ठरावीक वेळी उडतात आणि त्यांचा पहिला धक्का सर्व दिशांना बाहेर ढकलणारा असतो. विभंग सरकताना मात्र काही दिशांना ढकल आणि काही दिशांना ओढ नोंदली जाते.

वृत्तपत्रांतून महत्ता आणि तीव्रता या दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. महत्ता हे भूकंपाच्या आकाराचे माप असून ते एका भूकंपासाठी एकच असते. ती एकाने वाढली, की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. तीव्रता म्हणजे विशिष्ट ठिकाणी जाणवलेला परिणाम. ती गावागणिक बदलते. महत्तेचे माप शून्याखालीही जाते, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटते. रिश्टरने शून्य ठरवले ते त्याच्या काळातील यंत्रांना अनुसरून. आजची यंत्रे त्याहून लहान धक्के टिपतात, म्हणून ऋण अंक येतात.

महत्ता एकाने कमी झाली, की धक्क्यांची संख्या साधारणतः दहापट होते. ४ महत्तेच्या एका धक्क्यामागे ३ चे दहा, २ चे शंभर व १ चे हजार असतात. सूक्ष्म भूकंप नोंदवण्याचे मोल येथे आहे. मोठ्या धक्क्यांची वाट पाहत बसले, तर विभंगाचा नकाशा काढायला शतके लागतील. लहान धक्क्यांच्या नाभी नकाशावर मांडल्या, तर काही महिन्यांतच जमिनीखालची अदृश्य रेषा उमटू लागते.

कोयना

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि परिसरात धक्के जाणवू लागले. त्यांच्या नोंदीसाठी काही यंत्रेही बसवण्यात आली. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, अशी त्या काळी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ महत्तेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या भिंतीला तडे गेले. परंतु ती टिकली आणि नंतर तिचे बळकटीकरण करण्यात आले. जलाशयाशी संबंधित भूकंपांपैकी हा जगातील सर्वांत मोठा मानला जातो.

त्यानंतर गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ येथील धक्के थांबलेले नाहीत. ५ किंवा अधिक महत्तेचे वीसहून अधिक आणि ४ किंवा अधिक महत्तेचे सुमारे दोनशे भूकंप येथे झाले. लहान धक्क्यांची संख्या हजारोंत आहे. एवढे सगळे सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद क्षेत्रात, बहुतांशी दहा किलोमीटरच्या आतील खोलीवर घडते. आसपास पन्नास-शंभर किलोमीटरवर असा दुसरा सक्रिय भाग नाही. त्यामुळे जलाशय आणि भूकंप यांचा संबंध अभ्यासण्यासाठी जगभरचे संशोधक कोयनेकडे निसर्गनिर्मित प्रयोगशाळा म्हणून पाहतात. जवळचा वारणा जलाशय १९८५ नंतर भरू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे सरकले, ही नोंद विशेष बोलकी आहे. वर्षाचीही एक लय दिसते: पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर धक्के वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी झपाट्याने उतरते तेव्हा पुन्हा काहीसे वाढतात.

पृष्ठभागावरील यंत्रांना येथे बेसॉल्टचाच अडथळा होतो. टणक कातळ, सच्छिद्र कातळ आणि त्यांमधील तांबड्या मातीचे थर एकाआड एक असल्यामुळे तरंग वाटेत विखुरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने यावर उपाय म्हणून सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतच्या विंधनविवरांत, शक्यतो लाव्ह्याच्या तळाखाली, भूकंपमापक उतरवले. त्यामुळे नाभीचे स्थान पूर्वीपेक्षा बरेच अचूक ठरवता येऊ लागले.

भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे विंधनविवर भूभौतिकीची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली. त्या प्रकल्पात गोठणे येथे २०१६-१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल चाचणी विवर खोदण्यात आले. वरचे सुमारे सव्वा किलोमीटर अंतर बेसॉल्टचे निघाले आणि त्याखाली थेट प्राचीन ग्रॅनाइटी पाया लागला. शिलारसाचा साठा नाही, वितळलेला खडक नाही. भेगाळलेला, पाणी धरणारा जुना कातळ. ज्वालामुखीच्या शंकेला याहून प्रत्यक्ष उत्तर देता येणार नाही.

कोयनेतील मध्यम भूकंपांपूर्वी लहान धक्के एखाद्या ठिकाणी गोळा होऊ लागतात, असे हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. त्या आधारे २००५-०६ च्या सुमारास अल्पकालीन अंदाजाचे प्रयत्नही झाले. परंतु क्षेत्र लहान, नोंदी दीर्घ आणि यंत्रांचे जाळे दाट, हे तिन्ही योग कोयनेत जुळून आले आहेत. तेथील अनुभव जसाच्या तसा अन्यत्र लावता येत नाही.

किल्लारी

लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात शंभराहून अधिक लहान धक्के बसले. १८ ऑक्टोबरचा धक्का ४ च्या जवळपास महत्तेचा होता. पुढे धक्के ओसरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, सुमारे ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली. मृतांची संख्या आठ हजारांच्या जवळपास होती; काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. पुढे, २००२ च्या भारतीय मानकात, हे पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले. भूकंपानंतर खोदलेल्या ६१७ मीटरच्या विवरात बेसॉल्टची जाडी अवघी ३३८ मीटर आढळली. वर सपाट शेते, खाली लाव्हा आणि त्याखाली दडलेला विभंग: कोणताही डोंगर किंवा दरी त्याची खूण पटवत नव्हती. १९९२ च्या धक्क्यांच्या वेळी गावाभोवती यंत्रांचे दाट जाळे नव्हते, त्यामुळे ते नेमके कोठे व किती खोल होत आहेत हे काटेकोरपणे कळले नाही. कळले असते तरी १९९३ ची तारीख सांगता आली नसती. पण या भागाखाली जिवंत विभंग आहे आणि येथील दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची घरे त्याला तोंड देऊ शकणार नाहीत, एवढे सांगता आले असते. या आपत्तीनंतर द्वीपकल्पातील वेधशाळांचे आधुनिकीकरण हाती घेण्यात आले. पुणे, कराड व भोपाळ या त्यांपैकी होत.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. लहान धक्क्यांचे बहुतेक समूह मोठा भूकंप न होताच विरून जातात. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के नोंदले गेले. धुंदलवाडी परिसरातील कुटुंबांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. त्या मालिकेतील मोठे धक्के ४ च्या थोडे वर गेले. घरांना तडे गेले, पण किल्लारीची पुनरावृत्ती झाली नाही. दोन्ही मालिकांच्या पहिल्या महिन्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर कोणती कोठे जाणार हे आजचे शास्त्र सांगू शकत नाही. इटलीतील लाक्विला येथे २००९ मध्ये धक्क्यांची मालिका सुरू असताना नागरिकांना दिलासा देण्यात आला आणि ६ एप्रिलच्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यावरून शास्त्रज्ञांवर खटला चालला. पुढे अपिलात ते निर्दोष ठरले. ‘घाबरू नका’ हे वाक्य उच्चारणे सोपे आहे. जबाबदारीने उच्चारण्यासाठी मात्र नोंदी हाताशी असाव्या लागतात, आणि त्या असूनही ते अर्धवटच खरे असते.

वऱ्हाडातील स्थिती

ऑगस्ट २०१८ मध्ये अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील साद्राबाडी व आसपासच्या गावांनी सौम्य धक्के आणि जमिनीतील आवाज अनुभवले. त्यापूर्वी १९९८ मध्ये पलीकडे खंडवा जिल्ह्यातील पंधाना परिसरात धक्क्यांची अशीच मालिका झाली होती. दोन्ही ठिकाणे नर्मदा-तापी पट्ट्याच्या प्रभावक्षेत्रात येतात. हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी साडेचारच्या आसपास महत्तेचे धक्के बसले.

‘गूढ आवाज’ हा वृत्तपत्रांचा आवडता शब्द. त्यात गूढ फारसे नाही. नाभी उथळ असेल, तर प्राथमिक तरंगांतील जलद कंप जमिनीतून हवेत शिरतात आणि ते मानवी कानाच्या कक्षेत असतात. दूरच्या मोठ्या भूकंपाचे जलद कंप वाटेतच शोषले जातात, म्हणून तो निमूट हलवतो. जवळचा लहान भूकंप मात्र ऐकू येतो. धक्का अगदीच लहान असेल, तर आवाज येतो आणि हालचाल जाणवत नाही, असेही घडते.

वऱ्हाडात तडे गेलेली भिंत पाहून भूकंपाचा निष्कर्ष काढताना विशेष सावध राहावे लागते. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातलेल्या घराला दरवर्षी तडे जातात, मग भूकंप असो वा नसो. मातीमुळे गेलेला तडा ऋतूनुसार रुंदावतो व मिटतो. भूकंपाचा तडा एका क्षणी पडतो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपा, अनेकदा फुलीच्या आकारात जातो. तड्यावर चुन्याची किंवा काचेची पट्टी बसवून तारीख लिहिली, तर कोणता प्रकार आहे ते वर्षभरात घरबसल्या कळू शकते.

घरांच्या बाबतीत लाव्ह्याच्या प्रदेशाची आणखी एक अडचण आहे. काळा दगड मुबलक मिळतो, म्हणून मेळघाटापासून मराठवाड्यापर्यंत जुन्या भिंती दगडाच्या आहेत. गोल धोंडे मातीत बसवलेल्या दोन-तीन फूट जाड भिंतीत आतला व बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नसतो. हादऱ्याने ते वेगळे होतात आणि धाब्याचे ओझे खाली येते. भिंतीत ठरावीक अंतरावर दोन्ही थरांना सांधणारे आडवे लांब दगड घालणे, दाराच्या माथ्याच्या पातळीवर सर्व भिंतींना जोडणारा सलग पट्टा फिरवणे आणि छतावरील मातीचा भार कमी करणे, हे किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत सुचवलेले उपाय जुन्या घरांनाही करता येतात. मेळघाटातील कुडाची घरे हलकी व लवचिक असल्याने अशा प्रसंगी दगडी घरांपेक्षा कमी घातक ठरतात, हे कोणाला रुचो वा न रुचो, खरे आहे.

देशभरातील भूकंपांच्या नोंदी दिल्लीतील राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र प्रसिद्ध करते. राज्यातील धरणांच्या परिसरातील नोंदींचे काम नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था पाहते. जेथे यंत्रे विरळ आहेत, तेथे रहिवाशांनी केलेली टिपणेही उपयोगी पडतात. मिनिटापर्यंत अचूक वेळ, धक्का किती सेकंद टिकला, आवाज आधी आला की हालचालीबरोबर, टांगलेल्या वस्तू हलल्या की मांडणीवरील भांडी पडली, घर कातळावर आहे की काळ्या मातीवर आणि त्या वेळी माणूस तळमजल्यावर होता की वर, एवढ्या गोष्टी त्याच दिवशी लिहून तलाठी किंवा तहसील कार्यालयाकडे दिल्या, तर जाणवलेल्या तीव्रतेचा नकाशा काढता येतो. १९३८ च्या सातपुडा भूकंपासारख्या जुन्या धक्क्यांविषयी जे माहीत आहे, त्याचा मोठा भाग अशाच टिपणांवरून जुळवलेला आहे.